न हालणारी रेष

शीतलने बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीवरची धूळ पुसली, वरच्या आणि खालच्या कॉकच्या पितळी दांड्याही घासून लख्ख केल्या आणि पट्टीवर पाण्याची रेष वाचली. साडेअकरा सेंटिमीटर. वेळ टाकून तिने आकडा वहीत लिहिला.

जालन्याजवळच्या या सरकीच्या तेलाच्या गिरणीत तीन महिने बॉयलर सांभाळणाऱ्या आबारावांनी तिला काचेला हात लावू दिला नव्हता. आज दिला होता. बीएस्सीनंतर ती बॉयलरची परीक्षा पास झाली होती. आबारावांच्या नजरेत पास व्हायचं तेवढं राहिलं होतं. ते झालं तरच त्यांना चार दिवस जाफराबादला लेकीकडे जाता येणार होतं. नात सव्वा महिन्याची झाली, तरी त्यांनी तिला फोनवरच पाहिलं होतं.

आताही फोनवर लेकीकडे गेलेली त्यांची बायको, आसराबाई होती.

“बारसं झालं, पोरगी हसाया लागली. तुमचा बॉयलर कधी सुटायचा?”

“बघून राह्यलो,” म्हणत आबारावांनी फोन खिशात टाकला. मग शीतलकडे वळले. “जळणाची गाडी आली, पऱ्हाटीचे ठोकळे. उतरून घेतो. पाणी तुझ्याकडं.”

ती दर दहा मिनिटांनी रेष वाचत होती. साडेअकरा. साडेअकरा. पाण्याचा पंप आपोआप सुरू झाला, थांबला. साडेअकरा. भट्टी एका सुरात घुमत होती आणि शीतलला फार बरं वाटत होतं.

सहाव्यांदा तोच आकडा लिहिताना पेन थांबलं. कॉलेजात असे आकडे आणले की सर विचारायचे, प्रयोग केला का घरी बसून लिहिलं?

पंप दोनदा चालला होता, तरी रेष वर चढली नव्हती. उकळत्या पाण्याची रेष थरथरते; ही थरथरतही नव्हती.

तिने काचेखालचा निचऱ्याचा कॉक उघडला. नळीतलं पाणी सुळकन खाली गेलं. मागोमाग काहीच आलं नाही, ना पाणी, ना वाफ.

मग तिला दांड्या दिसल्या. दोन्ही आडव्या, नळाच्या रेषेत. घरच्या गॅसची दांडी अशी असली की गॅस चालू असतो. इथे उलट, दांडी खाली लोंबली की वाट उघडी. पुस्तकातलं हे वाक्य तिला पाठ होतं, पण घासून झाल्यावर हात घरच्या सवयीने चालला होता. पन्नास मिनिटं ती कोंडलेलं पाणी मोजत होती.

तिने दांड्या हळूच खाली केल्या. वाफ शिट्टी वाजवत निघाली. निचरा बंद केला. रेष दिसली नाही, म्हणजे बॉयलरात पाणी फारच कमी, तर आधी विस्तव काढायचा. तिने भट्टीच्या दाराकडे पाहून घेतलं.

रेष आली. नऊवर, थरथरत. धोक्याची खूण सहावर होती.

शीतल स्टुलावर बसली. गाडीजवळून हमालांचा आवाज येत होता. इकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिने वही ओढली, साऱ्या आकड्यांवर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : हे आकडे खोटे. दांड्या माझ्या हातून बंद झाल्या.

आबाराव अंगावरचा भुसा झटकत आले. तिने वही पुढे केली. त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचलं.

“कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाही. आकडे जास्तच चांगले आले, काका.”

“चांगले आले म्हणून शक आला?” ते हसले. “तुझ्या सासूचं कठीण हाय.”

“पण दांडी अशी उलटी का ठेवलीय?”

“हादऱ्यानं ढिली झाली, तर कुठं पडंल?”

“खाली.”

“मंग?”

शीतल दांड्यांकडे बघत राहिली. निसटली तरी वाट उघडीच राहणार. हे कोणीतरी बसून विचार करून ठरवलं होतं, याचा तिला मनापासून आनंद झाला.

आबारावांनी फोन काढला.

“अगं, उद्या सकाळच्या गाडीनं येतो. हाव, चार दिवस. बिलकुल.” बोलत बोलत ते बाहेर निघाले. काचेसमोरून गेले, तेव्हा रोजच्यासारखी त्यांची मान काचेकडे वळली नाही.