गुणाकरची नळी

संकेतचं ऑपरेशन नागपूरला दुर्बिणीनं झालं. मूत्रपिंडाखाली लघवीची वाट जन्मापासून चिमटलेली. डॉक्टरांनी पोटाला बारीकशी तीन भोकं पाडून ती मोकळी केली आणि आत एक मऊ नळी ठेवली. "दीड महिन्यानं काढायचीच. विसरलात तर तिच्यावर खडे चढतील," असं त्यांनी संकेतच्या आईला, राखीला, बजावलं.

बालाघाटला आल्यावर सासूबाईंनी, तुळसाबाईंनी, नातवाचं पोट तपासलं. ऑपरेशनच्या वेळी कमरेचा करदोडा कापला होता, त्याचाच त्यांनी धसका घेतला.

"करदोडा नाही, वरून तीन भोकं. काही शिरलं असन तं?"

"एवढ्याशा भोकातून भूत शिरते का, आई?"

"दुर्बीण शिरली. भुताले काय धाड भरली?"

राखीनं संकेतचा सदरा खाली ओढून भोकं झाकली. बी.एस्सी. असूनही झाकली.

मग एका दुपारी संकेत मोरीत नुसताच उभा दिसला, हात कुशीवर.

"कर ना रे."

"पहले काका करेगा," संकेत म्हणाला. "उसको टाइम लगता है."

राखीनं मोरीत आणखी कोणी आहे का पाहिलं. काका एकच होता, तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ गुणाकर. पाचवं लागायच्या आत लघवी अडून, तापानं गेलेला. त्याचं नावही घरात कोणी काढत नसे. तुळसाबाईंनी मात्र संकेतचं बोलणं ऐकलं आणि त्या रात्रीपासून त्याच्याशेजारी दुसरं ताट वाढायला लागल्या. ताट रिकामं व्हायचंही. पण ते राखीचा नवरा महेंद्र करायचा.

नळी काढायचा दिवस आला, तशा तुळसाबाई दारात आडव्या बसल्या.

"नळी नाही निंघत. तिलेच धरून आला माहा गुण्या."

"अन् पोराचं मूत्रपिंड गेलं म्हंजे?"

तुळसाबाई हलल्या नाहीत. राखी उंबऱ्यावर टेकली.

"आई, संकेतचा इलाज झाला. भासऱ्यायचा, तुमच्या मोठ्या पोराचा, तं राह्यलाच ना. अजून किती दिवस कुशीवर हात ठेवून उभं राहावं त्यायनं? दोघायलेही नेऊ."

तुळसाबाईंनी मोरीकडे पाहिलं आणि त्या दारातून उठल्या.

"हौ," त्या म्हणाल्या. "तिथं एसी असते. दोन स्वेटर घे."

नागपूरच्या बसमध्ये कंडक्टरनं तुळसाबाईंच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बोट केलं. "माताजी, यहाँ कौन है?"

"माहा मोठा पोरगा."

कंडक्टरनं सीट नीट पाहिली. "पाँच पूरा हुआ?"

"नाही झाले."

"फिर टिकट नहीं लगता."

डॉक्टरांनी भूल देऊन नळी लघवीच्या वाटेनंच काढली. टाका नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना बस कटंगीला थांबली. संकेत भिंतीमागे गेला. सासू-सून अलीकडे उभ्या राहिल्या. धार ऐकू आली, न अडता. राखीचा जीव भांड्यात पडला. मग दुसरी धार लागली. पहिलीपेक्षा जोरात, किती वर्षांची तुंबलेली, कोण जाणे. संकेत चड्डी वर ओढत बाहेर आला, तरी ती चालूच होती.

तुळसाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "चलो, चलो!"

"रुको भैया," राखी ओरडली. "एक बच्चा अभी कर रहा है."