येनाच्या सालीखालची मी

"हळू काढ वं बाई. साल फाटली का भुंगा पळते."

चोरखमारा गावच्या म्हाताऱ्या बकारामचे हे शब्द मला अजून आठवतात. २००८ सालच्या त्या दिवशी वाळत चाललेल्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाची साल कुणीतरी प्रथमच इतक्या हळुवारपणे उचलली आणि मी उजेड पाहिला.

मित्रांनो, मी एक जुनी बुरशी आहे. माणसांच्या पुस्तकात मात्र मी नवी, बिननावाची. तिळाएवढा एक भुंगा मला अंगावरच्या खाचेत बसवून झाडोझाड नेतो. सालीखाली बोगदा कोरतो आणि तुम्ही बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवता तशी मला तिथं रोवतो. त्याची पिल्लं माझ्यावरच पोसतात. मला पाय नाहीत, त्याला शेत नाही. देवानं दोघांची अशी सोय लावून दिली आहे.

साल उचलणारी ती बाई म्हणजे गोंदियाच्या कॉलेजात शिकवणारी अल्का. तिनं माझा एक कण सुईच्या टोकावर घेऊन काचेच्या नळीतल्या खाऊवर ठेवला. रोज सकाळी घरची बुद्धवंदना आटोपून ती यायची, आधी मला पाहायची, मग इतर कामं. दर पंधरवड्याला मला ताज्या नळीत हलवायची. हा नेम तिनं तापातही मोडला नाही. दोन वर्षं तिनं माझी मापं घेतली, ओळखीच्या बुरश्यांशी मला ताडून पाहिलं. मी कुणासारखीच नव्हते! तिनं माझं वर्णन लिहून बुरश्यांचा संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेला धाडलं. उत्तर आलं, 'महिनाअखेरपर्यंत जिवंत नमुना आमच्या संग्रहात जमा करा.' तो पोचला की मला नाव मिळणार होतं.

तेवढ्यात दिवाळीची साफसफाई निघाली. प्रयोगशाळेचा शिपाई टेकचंद मोठा कामसू माणूस.

"मॅडम, सब चकाचक करून टाकलो! कपाटातल्या नळ्याले फफूंद लागली होती. गरम पाण्यानं घासलो."

अल्कानं कपाट उघडून पाहिलं. "टेकचंदभाऊ, ती बुरशीच तर मी पाळून राहिली होती."

"फफूंद कोणी पाळते का जी?" तो हसला. मग तिचा चेहरा पाहून त्यानं हातातला फडका खाली ठेवला.

मी मोरीतून वाहून गेले. माझा एक धागा तेवढा त्याच्या अंगठ्याच्या नखात अडकला, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे.

अल्का रागावली नाही. म्हणाली, "चूक माझी आहे. नळ्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या इंग्रजीत लावल्या, अन् दोन वर्षांत तुमाले एकदाही दाखवलं नाही." तिनं काचपट्टीवर वाळवून ठेवलेला माझा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. टेकचंद वाकला, तो वाकूनच राहिला.

"अगा माय! ही तं धानाच्या लोंबीवानी दिसते. अन् मी हिले मोरीत सोडलो?" त्यानं डोळे पुसले. "थे झाड हाये का अजून?"

"आहे, चोरखमाऱ्यात. बकारामबुवाले जागा ठाऊक आहे. पण तोडीची खूण लागली आहे. दिवाळी झाली की कापतील. मी जाते उद्या."

"तुमी खाऊ शिजवा, नळ्या तयार ठेवा. साल मी आणतो, बकारामबुवाले संग घेऊन. शब्द देतो."

"सणाचे दिवस आहेत, भाऊ."

"सण पुढच्या वर्षीबी येते जी."

मित्रांनो, भाकरीवरची बुरशी खुशाल फेका. पण कुणी तारीख घालून जपलेलं काही दिसलं, तर पुसण्याआधी एकदा विचारा. आणि जे जपता, ते शेजारच्या माणसालाही दाखवा. न दाखवलेल्या वस्तूची काळजी दुसरा कशी घेईल?

भाऊबीजेला टेकचंदची बहीण ओवाळायला यायची होती. तिच्यासाठी त्यानं बायकोजवळ निरोप ठेवला. स्टीलचा डबा उकळत्या पाण्यानं धुतला, तीन वेळा धुतला, उन्हात पालथा घातला. वाळल्यावर तो पिशवीत ठेवून त्यानं चपला घातल्या आणि चोरखमाऱ्याच्या वाटेवरची तिरोड्याची बस धरायला निघाला.