ड्रम थांबेपर्यंत

फुलसिंगने क्लीनरचं लाल बटण दाबलं आणि हात पँटला पुसून तो रांगेत जाऊन उभा राहिला. त्याआधी सरकी काढणारे रेचे बंद झाले होते, त्याआधी गाठी बांधणारी प्रेस. कापसाच्या जिनिंगमधला आवाज असा थराथराने उतरत गेला. मग मॅनेजर शामबाबूंनी उजवा हात वर केला.

"आपल्या कामगार भगिनी अंजू राठोड हिच्या स्मरणार्थ दोन मिनिटं स्तब्धता पाळू. मोबाईल बंद करा सगळ्यांनी."

रुईच्या एका गाठीवर अंजूचा फोटो ठेवला होता. आधार कार्डावरचाच मोठा करून आणलेला, त्यामुळे चेहऱ्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. झेंडूचा हार फ्रेमपेक्षा लांब होता. उरलेला भाग गाठीच्या लोखंडी पट्टीत खोचला होता. शेजारी अंजूची आई, रुपीबाई, उभी होती. तिला सकाळी जिनिंगच्या जीपने तांड्यावरून आणलं होतं. ती फोटोकडे पाहत नव्हती. समोरच्या माणसांच्या पायांकडे पाहत होती.

समीक्षाने मान खाली घातली. तिचा अंगठा सवयीने मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबून गेला होता. प्रयोगशाळेत दिवसातून चाळीसदा ती कापसाच्या नमुन्याचा ओलावा मोजायची, आणि प्रत्येक वेळी आधी हेच बटण दाबायची. आकडे पळू लागले. तिला लाज वाटली, पण आता ते बंद करायचं तर टिक्‌ असा आवाज झाला असता.

पंचवीस सेकंद. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग थेट महागावच्या रस्त्यापर्यंत लागली होती, तिथून कुणीतरी हॉर्न वाजवला. तो थांबल्यावर समीक्षाला दुसरा एक आवाज ऐकू आला. बारीक, एकसारखा, दूर कुठे दळण चालू असावं तसा. तिला वाटलं, एखादी गाडी चालू राहिली असेल.

चाळीस सेकंद. आवाज बाहेरून येत नव्हता.

तिने मान तशीच ठेवून डोळे वर केले. क्लीनर तिच्यापासून पाच-सहा पावलांवर होता. कापसातला पालापाचोळा झाडून काढणारं हे यंत्र, आत लोखंडी दातांचा पुरुषभर लांबीचा ड्रम. ड्रम पत्र्याच्या आड असतो, बाहेर दिसतं ते त्याच्या आसाचं टोक. त्या टोकाला एक खाच आहे. यंत्रावरचा दिवा विझलेला होता, आणि खाच फिरत होती.

नऊ दिवसांपूर्वीही ती अशीच फिरत होती.

त्या दिवशी किंकाळी ऐकून समीक्षा प्रयोगशाळेतून धावत आली, तेव्हा देवीलाल दोन्ही हातांनी अंजूचे पाय धरून उभा होता. क्लीनरच्या तोंडाशी कापूस तुंबला होता. तो ओढून काढायला अंजू झाकण उघडून आत वाकली होती. धुळीसाठी तोंडाला बांधलेली ओढणी आधी गेली, मग ती. क्लीनरवरचा ऑपरेटर देवीलाल. सतरा वर्षं तोच. तांड्यात अंजूच्या दोन घरं पलीकडे राहणारा. तो एकच गोष्ट सांगत होता, की मी बटण दाबलं होतं. बटण दाबलं, तंबाखू मळला, दाढेत धरला, आणि मग झाकण उघडू दिलं.

तंबाखूचं ऐकून शामबाबूंनी हात झटकला होता. पण जिनिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की क्लीनरवरचे ऑपरेटर असंच करतात. रेच्यांच्या गोंगाटात ड्रम फिरतोय की थांबलाय हे कानाला कळत नाही, पत्र्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. विडी ओढायला तर आगीमुळे मनाई. बटण दाबायचं, तळहातावर तंबाखू-चुना घ्यायचा, मळायचा, झटकायचा, दाढेखाली धरायचा. तेवढ्यात ड्रम थांबतो. देवीलालला हे त्याच्या आधीच्या ऑपरेटरने शिकवलं होतं, आणि त्याने फुलसिंगला.

त्या संध्याकाळी शामबाबूंनी समीक्षाचा जबाब लिहून घेतला. तिने तीन ओळी लिहिल्या. 'मी पोहोचले तेव्हा ड्रम फिरत होता. म्हणजे यंत्र चालू होते. ऑपरेटर जवळ उभा होता.' मधली ओळ तिला कुणी विचारली नव्हती. ती बी.एस्सी. होती, कारण आणि परिणाम जोडल्याशिवाय तिला वाक्य अपुरं वाटायचं. त्या ओळीवर देवीलालचं काम गेलं. सोमवारी कारखाना निरीक्षकाकडे कागद गेले की त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा लागणार होता. तांड्यात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

एक मिनिट चार सेकंद.

"झालं," शामबाबू म्हणाले. "चला, गाड्या उभ्या हायत. फुलसिंग, कर चालू."

"साहेब, एकच मिनिट झालं," समीक्षा म्हणाली.

माना वर झाल्या. शामबाबूंनी तिच्याकडे पाहिलं, मग रुपीबाईकडे, आणि मान पुन्हा खाली घातली. बायांच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. समीक्षाचे डोळे खाचेवर होते. खाच आता मोजता येईल इतकी सावकाश फिरत होती, पण फिरत होती. पूर्वी या ड्रमला गचके देत थांबायची सवय होती, सबंध सांगाडा खडखडायचा. अपघाताच्या तीन दिवस आधी अमरावतीहून फिटर आला, दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलून गेला. यंत्र पाण्यासारखं चालायला लागलं म्हणून सगळे खूश झाले होते. अपघातानंतर क्लीनर बंदच होता, तो आज सकाळीच सुरू झाला होता.

दोन मिनिटं झाली. शामबाबूंनी हात जोडले. फुलसिंग बटणाकडे निघाला, तशी समीक्षा चार ढांगांत त्याच्या पुढे झाली आणि हिरव्या बटणावर तळहात ठेवून उभी राहिली.

"थांब जरा."

"म्याडम?"

फुलसिंगने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. त्याच्या डाव्या तळहातावर तंबाखू होता, स्तब्धतेआधी मळून ठेवलेला. तो त्याने तोंडात टाकला नाही. दोघं खाचेकडे पाहत राहिले. ती अर्धी फिरली, किंचित मागे आली आणि थांबली.

दोन मिनिटं छत्तीस सेकंद.

"बापरे," फुलसिंग हळूच म्हणाला.

*

"बायांसमोर काय लावलं होतं आज?" शामबाबूंनी ऑफिसात आल्या आल्या विचारलं. "बरं दिसते का ते?"

"माझा जबाब परत द्या, साहेब."

"काहून?"

"त्यात एक ओळ चुकली आहे."

त्यांनी फाईल काढली, चष्मा लावला. "'मी पोहोचले तेव्हा ड्रम फिरत होता.' खोटं हाय का हे?"

"नाही."

"'म्हणजे यंत्र चालू होते.'"

"ते मी पाहिलं नव्हतं. ते मी ठरवलं." तिने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "नवी बेअरिंगं लागल्यापासून बटण दाबल्यावर तो अडीच मिनिटांच्या वर फिरतो. आधी पाऊण मिनिटात थांबायचा. देवीलालकाकांनी बटण दाबलं होतं."

शामबाबू आकड्याकडे पाहत राहिले. "मंग आता कोणावर ढकलता? बेअरिंगवर?" ते हसायला गेले आणि मध्येच थांबले. बेअरिंगच्या खरेदीवर सही त्यांची होती. ड्रम आता जास्त वेळ फिरेल हे ऑपरेटरला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ते बेअरिंग कायले बदललं, माहीत हाय ना?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मशीन थरथरते, बेअरिंग तापते, असं तुमच्याच रजिस्टरात होतं. तुमच्याच अक्षरात. मंग ते रजिस्टरबी जाईन निरीक्षकाकडे."

समीक्षाला ते आठवलं. इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलेलं तापमान, लाल शाईतली अधोरेखा. कापूस जवळ असताना तापलेलं बेअरिंग म्हणजे आग, म्हणून तिने लिहिलं होतं. ते बरोबर होतं.

"जाऊ द्या निरीक्षकाकडे," ती म्हणाली.

"म्याडम, गेट बंद झालं तर दीडशे बाया घरी बसतीन. सीझन दोन महिन्याचा राह्यला."

तिने कोरा कागद घेतला, तिथेच उभ्याने नवा जबाब लिहिला, तारीख आणि वेळ घातली, सही केली आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढला. कागद त्यांच्या समोर ठेवला. शामबाबूंनी तो वाचला, फाडला नाही, फाईलमध्येही लावला नाही. पेपरवेट त्यावर ठेवून ते खिडकीबाहेर गाड्यांकडे पाहू लागले.

*

देवीलाल रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर होता. गेल्या नऊ दिवसांत तो रोज ड्युटीच्या वेळेला येऊन तिथे बसायचा आणि सुटीच्या वेळेला उठून जायचा. टपरीवाला त्याला चहा विचारत नव्हता.

"म्याडम, तुमी कायले इकडं आल्या? कोणी पाहीन."

"पाहू द्या. काका, तुम्ही बटण दाबलं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. बेअरिंग, खाच, घड्याळ. ऐकता ऐकता त्याचा डावा तळहात आपोआप उघडला होता आणि उजवा अंगठा त्यावर फिरत होता. तळहात रिकामा होता.

"मले तर वाटे, मीच खोटं बोलून राह्यलो," तो म्हणाला. "पह्यल्या दिवशी पक्कं होतं, दाबलंच म्हणून. मंग सारे म्हणे, तू विसरला. रुपीबाई म्हणे, तू विसरला. तुमचाबी कागद तसाच. मंग मी म्हटलं, विसरलोच असन. सतरा वर्सात एक डाव विसरलोच असन बा."

"नाही विसरलात."

त्याने गमछ्याने तोंड पुसलं. खांदे जरा सैल झाल्यासारखे वाटले. समीक्षाला वाटलं, आता तो उठेल, हसेल, काहीतरी म्हणेल. पण अंगठा तळहातावर फिरायचा थांबला.

"म्हणजे बंद केलंतं मी," तो सावकाश म्हणाला. "बंद करून तंबाखू खाल्ला."

"हो."

"अन् मंग ती उभीच होती. भेत होती. मले म्हणे, काका, थांबलं का?" तो रस्त्याकडे पाहत होता. "मी म्हटलं, थांबलं. जाय बेटी."

समीक्षाने काही बोलायला तोंड उघडलं. वेगाचं, घर्षणाचं, त्याला कळणं शक्य नव्हतं याचं. सगळं खरं होतं.

"विसरलो, तेच बरं होतं," देवीलाल म्हणाला.

गेट उघडलं. रुपीबाई बाहेर आली, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत फ्रेम. जीप तिला सोडायला थांबली होती, पण ती जीपकडे गेली नाही. दोन ट्रॅक्टरच्या मधून वाट काढत ती सरळ टपरीपाशी आली. देवीलाल बसला होता त्या बाकड्याकडे तिने पाठ केली आणि समीक्षाचा हात धरला.

"बाई, तो साहेब तर एका मिनटात चाल्ला होता. तुमी थांबोलं साऱ्यायले. माह्या पोरीसाठी पुरे दोन मिनिट उभं केलं, वर जास्तीचं." तिने समीक्षाच्या मनगटावरून हात फिरवला. "देव तुमाले भरून देईन."

समीक्षाने हात सोडवून घेतला नाही. रेचे पुन्हा सुरू झाले होते. बोलायला आवाज चढवावा लागत होता.

"मावशी, मी त्यासाठी नव्हते थांबले."

रुपीबाईला नीट ऐकू गेलं नसावं. ती तशीच मान हलवत राहिली.

"मी ड्रम बघत होते," समीक्षा मोठ्याने म्हणाली. "बटण दाबल्यावर तो किती वेळ फिरतो ते. काकांनी बटण दाबलं होतं, मावशी. ते विसरले नव्हते. मी लिहिलेलं चुकीचं होतं."

हात सुटला. रुपीबाईने पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. जीपवाल्याने हॉर्न दिला, तिने तिकडे पाहिलं नाही. बराच वेळ ती समीक्षाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. मग ती वळली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिने देवीलालकडे पाहिलं.

"मंग ती काहून गेली रे आत?"

देवीलाल बाकड्यावरून उठून उभा राहिला.