इस्त्रीखालची पत्रं

ताईनं कॉलरवर इस्त्री अशी दाबली, की शर्टाचा मालक आत असता तर त्याची मान मोडली असती. रेडिओवर अख्खं सभागृह खदखदून हसत होतं. तिच्या धाकट्या भावाचा कार्यक्रम होता आणि त्यानं पुन्हा तोच किस्सा सांगितला होता.

"हसा लेको," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय."

किस्सा असा, की भावाचं जे गाणं सगळीकडे गाजलं, त्याची पहिली ओळ 'सांज नवी ही दारी आली' अशी होती, आणि त्यांचे वडील घरी मोठ्या भक्तिभावानं 'भाजी नवी ही दारी आली' असं म्हणायचे. भाऊ कानामागं हात धरून त्यांचा घोगरा आवाज काढायचा. लोक लोळायचे. मग तो खरं गाणं म्हणायचा आणि मेला असा काही गायचा, की ताईला राग धरणंही कठीण होऊन बसायचं. त्याचाच तिला जास्त संताप यायचा.

बापाचे कान कशानं गेले, ते मात्र कुठल्याच सभागृहाला कळलं नव्हतं. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात, दणादण आदळणाऱ्या यंत्राशेजारी त्यांनी उभी हयात काढली होती. चिरंजीवांची गाण्याची शिकवणी सुरू झाली, तेव्हापासून तर दोन-दोन पाळ्या. हे सांगायला जीभ झडते होय रे? हा प्रश्न ताईनं भावाला कितीदा तरी लिहून विचारला होता. दर कार्यक्रमानंतर ती तावातावानं पत्र लिहायची, आणि लिहून राग उतरला की इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेल्या घोंगडीखाली सारून द्यायची. वर दिवसभर इस्त्री फिरायची. पत्रं पापडासारखी सपाट झाली होती.

वडील खिडकीशी बसून चादरींच्या घड्या घालत होते. रेडिओ चालू आहे की बंद, हेही त्यांना आता कळत नसे. निदान या माणसापर्यंत ही थट्टा पोचलेली नाही, एवढंच ताईला समाधान होतं.

पण पुढच्या आठवड्यात भावाचा कार्यक्रम याच गावात होणार होता. बाबांना पहिल्या रांगेत बसवणार, असा निरोप आला होता. ऐकू आलं नाही तरी मागची माणसं आपल्याकडं बघून हसतात, हे दिसणारच होतं. म्हणून या वेळी पत्र पाकिटात गेलं होतं. 'बाबा समोर असताना तो किस्सा सांगितलास तर या घराची पायरी चढू नकोस,' असं शेवटी लिहिलं होतं. तिकीट लावून झालं होतं.

कॉलर संपवून ती वळली, तर पाकीट वडिलांच्या हातात.

"हे पेटीत टाकू नकोस," ते म्हणाले.

ताईनं हात पुढं केला. त्यांनी पाकीट मांडीखाली घातलं आणि चादर पुन्हा उचलली.

"तू कपडे पोचवायला जातेस ना, तेव्हा मी घोंगडी वर करतो. सगळी वाचलीत."

ताईनं इस्त्री बाजूला उभी केली. ज्या गोष्टीची झळ त्यांना लागू नये म्हणून ती जिवाचं रान करत होती, ती तिनंच शाईनं लिहून त्यांच्या हातात ठेवली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"राग नाही आला?" तिनं जवळ जाऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

"आला की. पहिलं पत्र वाचलं तेव्हा दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही." त्यांनी चादरीचं टोक टोकाला जुळवलं. "मग दुसऱ्या पत्राची वाट बघायला लागलो."

"वाट कसली बघायची त्यात?"

"अगं, तो दोन वर्षांत घरी आला नाही. रेडिओ मला ऐकू येत नाही. तो कुठं गेला, काय बोलला, लोक किती हसले, हे मला कोण सांगणार? तुझ्या पत्रात ते असतं."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं, असं तिनं स्वतःला बजावलं.

"पण तूही भारी अर्धवट लिहितेस," वडील म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खरोखरच चढला. "शिव्या तेवढ्या भरभरून. किस्सा झाल्यावर तो गातो ना? कसा गातो, ते एकाही पत्रात नाही. एक ओळ नाही."

ताई वाकली. त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेलं. आयुष्यात आपण हे म्हणू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"फार सुंदर गातो," ती म्हणाली.

"काय?"

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि रस्त्यापर्यंत जाईल असं ओरडून पुन्हा सांगितलं.