मारुतीची खोळ

पुरातत्त्व खात्याच्या मॅडमनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. पाच वाजता त्यांची जीप आदिलाबादला परत निघणार होती, आणि उद्या सकाळी गिट्टीच्या खाणीसाठी आमची मारुतीची टेकडी मोजायला माणसं येणार होती.

"मूर्तीच्या पायाशी लेख आहे म्हणता, पण दिसतो कुठं? देऊळ जुनं असल्याचा पुरावा द्या, मोजणी थांबवायचं पत्र मी आत्ता लिहिते."

दिसणार कसा? मारुतीवर चार बोटं शेंदूर. दर शनिवारी तो चढवणारे बाबाराव गुरव, म्हणजे माझे सासरे, समोरच बसले होते.

"मामाजी, पायाजवळ थोडं खरवडू द्या ना," मी म्हणाले.

"हात लावाचा नाही. खोळ देव सोताच टाकते."

खरंच आहे ते. शेंदराचं कवच फार जड झालं की आपोआप गळून पडतं. मग ती खोळ पैनगंगेत सोडायची. मामाजींच्या तरुणपणी ती पडली, तेव्हाच लोकांनी खालची अक्षरं पाहिली होती. खोळ नदीत सोडून आले म्हणून पाच गावांत कुठलंही लग्न असो, मानाचा पहिला नारळ मामाजींना. पण मला त्या घटकेला त्यांचा भयंकर राग आला. मी मुळातच तोंडाची फटकळ.

"टेकडीच नाही राह्यली तर देव काय आपल्या ओसरीत बसवता?" मी गावादेखत ओरडले.

खाली जीपचा हॉर्न वाजला. मॅडमनी वही मिटली.

मामाजी उठले. गाभाऱ्यामागच्या कोनाड्यातले तेलाचे डबे सारून त्यांनी एक जुनं घोंगडं ओढलं. आत शेंदराचं जाड कवच होतं.

"नदीले पूर होता. मी भेलो. अर्ध्या वाटंतून वापस आलो अन् सोडली म्हून सांगतलं. चाळीस वर्सं खोटा नारळ घेतला."



मॅडमनी कवच पालथं केलं. आतल्या बाजूला अक्षरं उमटली होती, उलटी. मी पर्समधला आरसा धरला. एकेक अक्षर लावत त्यांनी शक वाचला आणि त्यांचा आवाजच बदलला.

"चारशे वर्षं झाली हो याला!"

पत्र तिथंच ओट्यावर लिहून झालं. मला रडू फुटलं.

"आता तरी सोडून येऊ का नदीत?" मामाजींनी विचारलं.

"नाही बाबा," मॅडम म्हणाल्या. "हाच तर पुरावा. आता हे जपूनच ठेवावं लागणार."

मामाजींनी कवच पुन्हा घोंगड्यात गुंडाळलं. मग ते गर्दीतल्या बयनाबाईंकडे वळले. त्यांच्या लेकीचं लग्न परवावर आलं होतं.

"बाई, पयला नारळ दुसऱ्या कोनाले द्या."

एवढं बोलून ते एकटेच पायऱ्या उतरू लागले. 'असं नका म्हणू' म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही. माझंसुद्धा.