पुऱ्या बाहीचा सदरा

काचेची सिरिंज उकळताना नळी आणि दांडा वेगवेगळे ठेवायचे. एकत्र ठेवले तर काच तडकते. चंद्राबाईला हे एकदाच कुणीतरी सांगितलं होतं. तिच्या हातून पुढं एकही तडकली नाही.

*

माजघरातल्या जात्यावर पोतं टाकलेलं आहे. घरचं दळण आता गिरणीत जातं.

*

"आमचं पोरगं सुपारीचं खांडबी तोंडात टाकत न्हाई. दारूचा नुसता वास आला तरी उठून जातंय. मिल्ट्रीतलं हाय, शिस्तीचं." हे वाक्य लालासाहेबानं एकाच घरात, एकाच माणसापुढं दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा ते खरं होतं.

*

मिरजेची डॉक्टरीण म्हणाली होती, "हा आजार आहे. यांना इथं ठेवा. वेळ लागेल, त्रास होईल, बरे झाल्यावर पुन्हाही होईल. पण घरी कोंडून, बांधून हे जाणार नाही."

*

वाळव्याकडच्या एका गावात बनू नावाची मुलगी आईचं लुगडं नेसून सोप्यातून परड्यात आणि परड्यातून सोप्यात चालत होती. लुगडं पायात येत होतं. आई म्हणत होती, "म्हशीगत पाय आपटू नगं. उद्या पाव्हणं येणार हाईत."

*

हे सगळं एकाच घरातल्या एका पोराचं औषधपाणी आहे.

१९७६ सालची, फाल्गुनातली सकाळ. कुंडलच्या शिवारात हळद शिजवायच्या काहिलीखाली जाळ लागला होता. चंद्राबाईच्या चुलीवर तव्यात भाकरी होती आणि वैलावर एका लहान भांड्यात सिरिंज उकळत होती. तिचा धाकटा भाऊ लालासाहेब फेटा बांधून दारात उभा होता.

"आक्का, आवर. यष्टी कुणाच्या मामाची न्हाई."

"आकारामची सुई हुदे, मग निघू."

"दे, दे. आज दे त्याला. पाव्हण्यापुढं हात थरथरला, कपातला च्या बशीत सांडला, तर समदंच सांडलं म्हणायचं."

"आन् तिकडं सांगायचं सुई सुटली म्हून?"

"सुटंलच की, पोरगी घरात आली म्हंजे! आज सांगितलं काय न् उद्या सांगितलं काय."

चंद्राबाईनं भाकरी उलटली. नंतर हात धुऊन सिरिंज जोडली.

आकाराम तिचा एकुलता एक. नवरा लवकर गेला. मामाच्या आधारानं पोरगं वाढलं, पलटणीत भरती झालं. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत तोफगोळ्याचे तुकडे घुसले. लष्करी इस्पितळात खाटेवर महिने गेले. दुखणं असह्य होई तेव्हा पेथिडीन या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन मिळे. जखम भरली, तुकडे निघाले, पोरगं लंगडत का होईना घरी आलं. सुई मात्र त्याच्याबरोबर आली.

सुरुवातीला ज्ञानू कंपाउंडर येऊन टोचून जाई. फौजी माणूस, देशासाठी जखमी झालेला, तळमळतोय म्हटल्यावर गाव हळहळायचं. पुढं चंद्राबाई स्वतःच शिकली. गावात दारू पिऊन गटारात पडणारे होते, त्यांना पोरं खडे मारत. आकाराम कधी पडला नाही. तो औषध घेत होता. दारुड्याला गाव हसतं, सुईला गाव हात जोडतं.

सुईला उशीर झाला की तो जांभया देई. नाक गळे, अंगावर काटा येई, पोटाशी पाय घेऊन तो जमिनीवर लोळे. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत काळे पडले, शिरा दोरखंडासारख्या टणक झाल्या. तेव्हापासून तो पुऱ्या बाहीचा सदरा घालू लागला.

हे औषध नाही हे चंद्राबाईला कळलं, तेव्हा उपाय सुरू झाले. मामानं त्याला खंडोबापुढं बेलभंडारा उचलायला लावला. आकारामनं मनापासून शपथ घेतली आणि संध्याकाळपर्यंत पाळली. एका बैराग्यानं दिलेली राख चहातून घातली. चहाची चव गेली, एवढंच. मग त्याला गोठ्यात बैलाच्या दाव्यानं बांधलं. त्यानं शेजारच्या खुंट्याची म्हैस बुजली, दूध आटलं. त्यावरून घरात दोन दिवस भांडण झालं. शेवटी मिरजेला नेलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते वर आलंच आहे. बाहेर आल्यावर लालासाहेब बहिणीला म्हणाला, "येड्याशेजारी खाट देत्यात हितं. एकदा का नाव लागलं, तर पोरगी कोण देईल?"

म्हणजे शेवटचा उपाय आधीच ठरला होता. तो सगळ्या गावाला ठाऊक असतो. दोनाचे चार हात करा, आपसूक ताळ्यावर येतंय.

औषधाला कुणी विचारत नाही, तुला कुठल्या पोटात जायचंय.

तानू अशी या घरात आली. वाळव्याकडच्या नाथाजी आणि भामाबाईची थोरली, बनूची बहीण. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, त्यांच्या हाताला काय झालंय वो?"

"लढाईतलं हाय."

तानूनं ते महिनाभर खरं मानलं. नंतर ती सिरिंज उकळताना सासूशेजारी नुसती बसून राही. तिला मुलगी झाली, शालन. आकारामची सुई वाढली. नदीवर धुणं धुताना शेजारची अंबूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाईत जीव असंल तर बापय सुईकडं जाईलच कशाला?" बायका हसल्या. तानू लुगडं आपटत राहिली.

पंचाहत्तर साली लालासाहेबानं नवी तोड काढली. माजघराच्या खिडकीला फळ्या मारायच्या, आकारामला आत कोंडायचं, तानूला सोबत ठेवायचं. "बायकू जवळ असली म्हंजे तलप मरती. आक्का, आतनं वरडतील. काय बी झालं तरी उघडायचं न्हाई. आन् तानू, तू दारापाशी ऱ्हा. त्याला दाराला हात लावू दिऊ नगं."

चंद्राबाईनं कडी लावली.

पहिला दिवस त्याच्या कण्हण्यात गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आत काहीतरी आदळू लागलं. चंद्राबाई सोप्यात शालनला मांडीवर घेऊन बसली होती.

"आत्याबाई, दार उघडा."

शालन झोपेत दचकली. चंद्राबाईनं तिला थोपटलं.

"आवं आत्याबाई, उघडा की वो!"

ती उठली नाही. उतरतंय, असं तिला वाटलं. विष उतरताना माणूस ओरडतंच. मग सगळं शांत झालं, तेव्हा तिनं देवाला हात जोडले आणि कडी काढली.

तो दाराकडं धावला होता. तानू सांगितल्याप्रमाणं आडवी उभी राहिली होती. त्यानं तिला ढकललं. मागं जातं होतं.

आकाराम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं अंग थडथडत होतं. आईला पाहून तो म्हणाला, "आये, हिला सुई दे. हिला दुखतंय."

पाय घसरून पडली, असं लालासाहेबानं सगळ्यांना सांगितलं. पंचनाम्याच्या कागदावरही तेच उठलं. चंद्राबाईनं सुनेला अंघोळ घातली. तानूच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं.

*

आता फाल्गुनातली ती दुपार. नाथाजीच्या सोप्यात घोंगडं अंथरलेलं. शालन नुकती चालू लागली होती, ती आजीचा पदर धरून उभी होती. तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं. तानूच्या लेकीला मावशीपेक्षा जवळचं कोण? धाकटी दिली तर सोयरीक टिकेल, पोरीला आई मिळेल. आणि आकाराम सुधारेल, हे लालासाहेबानं मनातल्या मनात धरलं होतं.

"पोरगी तुमच्या मांडवात नाचल्याली हाय," नाथाजी म्हणाला. "आता काय बघायचं तिला?"

"रीत ती रीत," लालासाहेब हसला. "घरच्या गायीचंबी दात बघत्यातच की."

आतून भामाबाई म्हणाली, "दात बघा, पण पोळ्या मोजून खाऊ नगा म्हंजे झालं. लय कष्टानं पुरण वाटलंय."

सगळे हसले. आकारामही हसला. कप त्यानं सरळ धरला होता, बशीत थेंब सांडला नाही. लालासाहेबानं बहिणीकडं समाधानानं पाहिलं.

बनू आली. पाटावर बसली. नाव सांगितलं. चालून दाखवलं, लुगडं एकदा पायात आलं, तिनं सावरलं.

"शिकली किती?"

"आठवी."

"मग हिशेब करशील मामाचा! बरं, हात दाव बाळ. कोपरापत्तोर. कोडबिड न्हाई न्हवं? रागवू नगा नाथाजी, समदी बघत्यात."

बनूनं पदर मागं सारला आणि दोन्ही हात पुढं केले. स्वच्छ, हडकुळे हात. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळशीवृंदावन. दोघी बहिणी एकाच जत्रेत, एकाच गोंदणाऱ्या बाईपुढं बसल्या असणार.

शालननं ते पाहिलं. आजीचा पदर सोडून ती बनूकडं गेली आणि त्या हिरव्या रेघांवर तिनं बोट ठेवलं.

चंद्राबाई उठली.

"आका, हुबा ऱ्हा."

तो उभा राहिला. तिनं त्याच्या मनगटाचं बटण सोडलं.

"आये, ऱ्हाऊ दे..."

"गप."

तिनं बाही वर गुंडाळली. एक घडी, दुसरी, कोपरापर्यंत. काळ्या, गाठाळलेल्या शिरा उघड्या पडल्या. त्यांत सकाळचा ठिपका अजून लाल होता.

"पोरीचा हात बघितला न्हवं? आता पोराचाबी बघा."

"आक्का, याड लागलं का तुला?" लालासाहेब ताडकन उठला. "नाथाजी, ते लढाईतलं हाय..."

"लढाई मांडीत झाली, लाला. हाताला मी केली." ती नाथाजीकडं वळली. "आज सकाळी भाकरीच्या चुलीवर सुई उकळून दिली मी ह्याला. तुमच्यापुढं गप बसावं म्हून. सुटल्याली न्हाई."

बनूचे हात अजून पुढंच होते. मग तिनं ते पदराखाली घेतले आणि ती आत गेली.

नाथाजीनं विचारलं, "आन् आमची तानू?"

"पाय घसरला न्हवता. ह्याच्या हातनं ढकलली गेली, जात्यावर पडली. दार उघडा म्हून दोनदा हाक मारली तिनं. कडी भायरनं हुती. मी लावली हुती."

भामाबाई दारात आली. ती रडली नाही. तिनं शालनला उचलून कडेवर घेतलं.

"ही हितं ऱ्हाईल," ती म्हणाली. "तुमी उठा."

लालासाहेब तरातरा बाहेर पडला. आकाराम तसाच उभा होता. बाही त्यानं खाली घेतली नव्हती.

"तानू मला म्हणायची," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मिरजंला चला. म्या रोज डबा घिऊन ईन. मामा न्हाई म्हणला. म्याबी गप बसलो."

*

चंद्राबाई त्या दिवशी कुंडलला परतली नाही. मुलाला घेऊन सरळ मिरजेला गेली. डॉक्टरणीनं ओळखलं, पण उशीर का केला असं विचारलं नाही.

पहिले दिवस वाईट गेले. ती व्हरांड्यात बसून असायची. एका दुपारी आतून हाक आली, "आये, दार उघड! आये!" चंद्राबाईनं दोन्ही कान दाबले आणि ती भिंतीला डोकं आपटू लागली. डॉक्टरणीनं तिचा दंड धरून तिला दारापाशी नेलं आणि बोटानं दार ढकललं. ते उघडंच होतं.

"कडी लावत नाही आम्ही, आजी. एक माणूस कायम जवळ असतो. घाम पुसतो, पाणी पाजतो, औषध देतो. जायचं म्हटलं तर ते जाऊ शकतात. राहायचं त्यांनीच ठरवायचं."

आकाराम दोनदा निघून गेला. एकदा ज्ञानू कंपाउंडरच्या दारात सापडला. दुसऱ्यांदा स्वतःच परत आला, संध्याकाळी, भिजलेल्या कुत्र्यासारखा. डॉक्टरीण 'बरा झाला' असं आजही म्हणत नाही. "आज बरे आहेत," एवढंच म्हणते.

नाथाजी फौजदाराकडं गेला. चंद्राबाई जबाब द्यायला तयार होती, गेलीही होती. पण पंचनाम्याचा कागद केव्हाच बंद झाला होता. शालन तिला पुन्हा भेटली नाही.

आता चंद्राबाई आसपासच्या गावांत पोरगी बघायचा कार्यक्रम आहे असं कळलं की न बोलावता जाऊन सोप्याच्या पायरीवर बसते. पोरीला चालायला लावतात, तिचे हात बघतात. ते झालं की म्हातारी म्हणते, "आता पोराची बाही वर करा." कुणी हसतं, कुणी कुत्रं सोडतं. तिच्या भावानं तिच्याशी बोलणं टाकलंय. बाहीवाली म्हणून तिची नक्कल करतात पोरं. ती पुढच्या गावाला जाते. बहुतेक ठिकाणी बाही वर होत नाही. एका ठिकाणी झाली.

*

तानूचं लग्न वैशाखात झालं होतं. भर दुपारचा मुहूर्त होता, सगळे पुरुष अंगरख्याच्या बाह्या सारून वारा घेत होते. आकाराम मनगटापर्यंत बटणं लावलेल्या पुऱ्या बाहीच्या सदऱ्यात बोहल्यावर उभा होता. मांडवात दोन्ही गावं होती.