अर्धी दाढी

न्हाव्याला सगळी गल्ली वस्तरा म्हणायची, कारण हातातल्या हत्यारापेक्षा त्याच्या जिभेला धार जास्त. "धक्का मारायला पुढे कोणीतरी हवं, म्हणून माणूस रांगेत उभा राहतो," असं तो गालाला फेस फासता फासता म्हणे. बाकावरची गिऱ्हाइकं खो-खो हसत. प्रत्येकाला वाटे, बोलणं शेजाऱ्याबद्दलच चाललंय.

त्या सकाळी खुर्चीत घड्याळवाला बसला होता. त्याची आणि वस्तऱ्याची, अशा दोन काळ्या सायकली बाहेर शेजारी शेजारी उभ्या, जुळ्या बहिणींसारख्या. कुलूप एकीलाही नाही. मागे एकदा घड्याळवाला चुकून वस्तऱ्याचीच घेऊन गेला होता, तेव्हा अख्खं दुकान हसून हसून लोळलं होतं.

आदल्या दिवशी वस्तऱ्याचा धाकटा भाऊ परगावाहून आला होता, नोकरीच्या मुलाखतीसाठी. त्याला गल्लीत कोणी ओळखत नव्हतं. आज सकाळी घरातून निघताना वस्तऱ्याने त्याला सांगितलं होतं, "दुकानाबाहेर माझी काळी सायकल असेल, ती घेऊन जा. आत मात्र येऊ नकोस. माझी गिऱ्हाइकं तुला सोलून काढतील." सायकली दोन असतात, हे सांगायचं राहून गेलं.

अर्धी दाढी झाली आणि बाहेर ओरडा उठला, "चोर! घड्याळवाल्याची सायकल!"

घड्याळवाला एका गालावर फेस घेऊनच धावला. बाक रिकामा झाला. औषधवाल्याने मात्र उठताना जागेवर वर्तमानपत्र ठेवलं आणि वळून बजावलं, "नंबर माझा आहे बरं का!"

"जा, जा," वस्तरा उंबऱ्यातून म्हणाला. "घरी बायकोपुढे तोंड उघडत नाही, इथे फुकटात मर्दुमकी गाजवा."

मग त्याला गर्दीच्या पायांमधून चौकडीचा शर्ट दिसला. सकाळी त्याच्याच बायकोने इस्त्री करून दिलेला.

तो धावला. पापणीच्या केसाएवढा स्क्रू अलगद बसवणारे घड्याळवाल्याचे हात हवा भरायच्या पंपाने भावाच्या बरगड्या फोडत होते. औषधवाला चपलेच्या टाचेने बोटं चिरडत होता. भावाचा एक डोळा मिटला होता, ओठ फाटून लोंबत होता. पुरे म्हणायला कोणी तयार नव्हतं, कारण मागच्यांची पाळी अजून यायची होती.

"अहो वस्तरा, हा सकाळी तुमच्या घरातून निघाला ना?" चपलांच्या दुकानवाल्याने विचारलं.

पंप थांबला. सगळे चेहरे वस्तऱ्याकडे वळले. एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. आयुष्यात कधी न सुकलेलं तोंड कोरडं पडलं. ही माणसं काय चीज आहेत हे तोच तर रोज सांगत होता, आणि आता त्याला त्यांची भीती वाटत होती.

भावाने उघड्या डोळ्याने आधी पंपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मी... यांना ओळखत नाही," तो रक्त थुंकत म्हणाला.

"मग द्या की एक तुम्हीपण," औषधवाला म्हणाला.

वस्तऱ्याने दिली. हलकी मारली असती तर लोकांना संशय आला असता, म्हणून जोरात दिली. भाऊ मागे कोसळला, दगडी पायरीच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं आणि मग तो हललाच नाही.

मग एकेकाला कामं आठवू लागली.

वस्तऱ्याने गुडघे टेकून ते डोकं मांडीवर घेतलं. छातीवर कान ठेवला, पुन्हा ठेवला. "हा माझा भाऊ आहे," तो म्हणाला.

घड्याळवाला आधी हसला. "तुमचं आपलं काहीतरीच! थट्टेलाही वेळकाळ असतो. चला, फेस वाळला माझा."

तो सायकल ढकलत दुकानापाशी गेला, दुसरीला खेटून उभी केली, आणि टायर फुटलाय का ते बघायला वाकला. दोन्हींची चाकं दाबून झाल्यावर त्याने मान वर करून हाक मारली, "अहो वस्तरा, यातली माझी कुठली हो?"